खोडाच्या शोभेची झाडे आणि अर्नेस्ट विल्सन

पेरूच्या झाडावर चढले नाही असे मूल ग्वाल्हेरात विरळाच. चढता चढता खोडाचे पातळ पापुद्रे नखाने सोलायचे आणि खालची गुळगुळीत, हिरवट साल दिसली की खूश व्हायचे, हा उद्योग आम्हीही आमच्या वेळी पुष्कळ केला आहे. एरवी झाड म्हटले की आपण फूल पाहतो, फळ पाहतो, सावली शोधतो. नुसते खोड पाहायला मिळावे म्हणून कोणी अंगणात झाड लावील, हे आपल्याला चटकन पटत नाही.

पण थंड देशांत तशी पद्धत आहे. तिकडे हिवाळ्याचे चार-पाच महिने बहुतेक झाडांवर एकही पान नसते. अशा दिवसांत बागेत पाहण्यासारखे उरते काय? खोड आणि फांद्या. म्हणून ज्यांची साल देखणी, अशी झाडे तेथील लोक मुद्दाम खिडकीसमोर किंवा फाटकाजवळ लावतात. त्यांत मेपल या झाडाच्या काही जातींचा मान मोठा आहे. एका जातीची साल हिरवी आणि तिच्यावर उभ्या पांढऱ्या रेघा. इंग्रज तिला सापाची साल म्हणतात, आम्हाला मात्र चित्र पाहताक्षणी पडवळ आठवले. दुसऱ्या जातीची साल तांबूस तपकिरी, दालचिनीच्या रंगाची. तिचे कागदासारखे पापुद्रे सुटतात, पण लगेच गळून पडत नाहीत. गुंडाळी होऊन खोडालाच लटकून राहतात. तिला कागदी सालीचा मेपल म्हणतात.

आता गंमत पाहा. यातला पडवळासारख्या खोडाचा मेपल ज्याने पहिल्यांदा इंग्लंडच्या बागांत पोहोचवला, तो मनुष्य पुढे आपल्या ग्वाल्हेरात राहिला आणि येथेच वारला. त्याचे नाव चार्ल्स मेरीज. दालचिनीच्या रंगाचा मेपल आणला अर्नेस्ट हेन्री विल्सन यांनी. या अंकात सांगायची ती विल्सन यांची जीवनकथा. पण ती मेरीजपासून सुरू केल्याशिवाय नीट कळत नाही.

लंडनमध्ये व्हीच नावाची रोपे विकणारी एक मोठी पेढी होती. दूरदेशी माणसे पाठवायची, नवी झाडे आणवायची, वाढवायची आणि श्रीमंतांच्या बागांना विकायची, हा तिचा धंदा. या पेढीने १८७७ साली मेरीजला जपान आणि चीनकडे पाठवले. त्याने चांगली चांगली झाडे मिळवली. पडवळी खोडाचा मेपल १८७९ सालचा. त्याला नाव मिळाले ते आर्मां दाविद या फ्रेंच पाद्रीचे, कारण शास्त्रज्ञांच्या नजरेस तो पहिल्यांदा दाविदने आणला होता. यांगत्से नदीवर इचांग नावाचे गाव आहे. तेथून पुढे डोंगर आणि खोल घळी सुरू होतात. मेरीज तिथवर गेला, थोडेच दिवस राहिला आणि परतला. तेथील लोकांशी त्याचे जमले नाही असे सांगतात. चीनमधले घेण्याजोगे बहुतेक सगळे आता आपल्याकडे आले, अशी त्यानंतर पेढीची समजूत झाली.

१८८२ साली मेरीज हिंदुस्थानात आला. आधी दरभंग्याच्या महाराजांकडे आणि नंतर ग्वाल्हेरला शिंदे सरकारांच्या बागांचा अधीक्षक म्हणून त्याने काम केले. येथे तो आंब्यांच्या नादी लागला आणि हिंदुस्थानातील आंब्यांच्या जातींवर त्याने मोठे टिपण तयार केले. (ज्याला आंबा भेटला त्याला मेपलची आठवण कशाला राहील, असे आम्हाला उगाच वाटून गेले.) १८९७ साली इंग्लंडच्या बागाईत संस्थेने व्हिक्टोरिया सन्मानपदक सुरू केले. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत मेरीज होता. ऑक्टोबर १९०२ मध्ये तो ग्वाल्हेरात वारला. त्याच्या सहा महिने आधीच, एप्रिलमध्ये, विल्सन चीनहून इंग्लंडला परतले होते. मेरीज ज्या इचांगहून मागे फिरला, तेथूनच विल्सन पुढे गेले होते.

अर्नेस्टचा जन्म १५ फेब्रुवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील चिपिंग कॅम्डन या लहान गावी झाला. पुढे कुटुंब बर्मिंगहॅमजवळ राहायला गेले. शाळा लवकर सुटली आणि पोरवयातच तो एका रोपवाटिकेत उमेदवारी करू लागला. कुंड्या धुणे, माती चाळणे, पाणी घालणे, असे ते काम. सोळाव्या वर्षी त्याला बर्मिंगहॅमच्या वनस्पती उद्यानात जागा मिळाली. दिवसभर बागेत राबायचे आणि संध्याकाळी तांत्रिक शाळेत वनस्पतिशास्त्राच्या वर्गाला बसायचे, असा क्रम त्याने ठेवला. त्या विषयात त्याला राणीच्या नावाचे बक्षीस मिळाले. १८९७ साली तो लंडनजवळच्या क्यू येथील जगप्रसिद्ध उद्यानात दाखल झाला. वनस्पतिशास्त्राचा शिक्षक व्हावे असे त्याने ठरवले होते आणि त्यासाठी पुढचे शिक्षणही सुरू केले होते. ते घडले असते तर कुठल्याशा इंग्रजी शाळेत एक चांगला मास्तर झाला असता, आणि हा लेख आम्हाला लिहावा लागला नसता.

पण १८९९ साली व्हीच पेढीला चीनला पाठवायला माणूस हवा होता आणि क्यूच्या संचालकांनी विल्सन यांचे नाव सुचवले. वय तेवीस. चिनी भाषेचा एक शब्द येत नव्हता, पूर्वी देशाबाहेर पाऊल टाकले नव्हते. पेढीने काम एकच सांगितले होते. चीनमध्ये एक झाड आहे, ज्याच्या फुलांभोवती पांढरी मोठी पाने रुमालासारखी लोंबतात. त्याचे बी आणायचे. इकडेतिकडे वेळ घालवायचा नाही, कारण बाकी सगळे आपल्याकडे आलेलेच आहे.

त्या रुमालाच्या झाडाचा पत्ता माहीत असलेला माणूस म्हणजे ऑगस्टीन हेन्री, चिनी जकात खात्यात नोकरी करणारा आयरिश डॉक्टर. तो त्या वेळी चीनच्या दक्षिण टोकाला सिमाओ येथे होता. विल्सन अमेरिकेमार्गे जूनमध्ये हाँगकाँगला उतरले. तेथे प्लेगची साथ होती. मग आजच्या व्हिएतनाममधून, वाटेत अडकत, थांबत, ते शरदाच्या सुमारास सिमाओला पोहोचले. हेन्रीने वहीचे अर्धे पान फाडून त्यावर नकाशा काढून दिला. हजारो चौरस मैलांचा डोंगराळ मुलूख आणि त्यात एका झाडाची खूण! तो कागद घेऊन विल्सन उलट इचांगला आले आणि तेथून डोंगरात शिरले.

२५ एप्रिल १९०० रोजी ते त्या ठिकाणी पोहोचले. गावकऱ्यांनी मोठ्या उत्साहाने जागा दाखवली. तेथे झाडाचा बुंधा होता आणि शेजारी एक नवे लाकडी घर. झाड तोडून त्याच्याच लाकडाचे ते घर बांधले होते.

हे वाचताना आम्ही थोडा वेळ थांबलो. त्या घरमालकाला दोष देववत नाही. त्याला डोक्यावर छप्पर हवे होते. आपल्याही आवारात वर्गखोल्या वाढवताना एक जुना शिरीष गेला, हे विश्वस्त मंडळींना आणि जुन्या पालकांना आठवत असेल. मुलांना खोल्या हव्या होत्या हे खरेच. तरी एप्रिलच्या उन्हात मधल्या सुट्टीत मुले कोठे उभी राहतात ते आम्ही रोज पाहतो.

विल्सन यांना त्या रात्री झोप आली नाही म्हणतात. पण ते परतले नाहीत. इचांगच्या आसपास मिळेल ते गोळा करत राहिले, आणि १९ मे रोजी ध्यानीमनी नसताना दुसरे रुमालाचे झाड समोर आले, तेही पूर्ण फुललेले. पुढे आणखी झाडे सापडली आणि त्या शरदात भरपूर बी जमा झाले. त्याच वर्षी चीनमध्ये परदेशी लोकांविरुद्ध बॉक्सरांचा उठाव पेटला होता, तरी विल्सन यांचे काम चालूच होते. त्यांनी इचांगच्या परिसरातले काही शेतकरी हाताशी धरले, त्यांना बी कधी आणि कसे काढायचे ते शिकवले, आणि त्यांच्याकडून डोंगरातल्या वाटा शिकून घेतल्या. हीच माणसे पुढच्या खेपांनाही त्यांच्याबरोबर होती. बागांच्या इतिहासात विल्सन यांचे नाव मोठे झाले. पाठीवर ओझी वाहणाऱ्या, उंच फांद्यांवर चढून बी उतरवणाऱ्या त्या माणसांची नावे सहसा कोठे लिहिलेली आढळत नाहीत.

हाती सोपवलेले काम झाले होते. आज्ञेप्रमाणे परत जायला हरकत नव्हती. पण विल्सन यांना दिसत होते की या डोंगरांत पेढीला ठाऊक नसलेले पुष्कळ आहे. ते राहिले, आणि म्हणूनच १९०१ साली हुपे प्रांतात त्यांना दालचिनीच्या रंगाच्या सालीचा मेपल मिळाला.

हे झाड फार उंच होत नाही, वीस ते तीस फूट. मेपलचे पान म्हणजे कॅनडाच्या झेंड्यावरचे, अशी आपली समजूत असते. याचे पान तसे नाही. एका देठावर तीन पाने, आपल्या बेलासारखे त्रिदल. शास्त्रीय नावात करडा असा अर्थ असलेला शब्द आहे, तो पानांच्या करड्या पाठीवरून आला. शोभा सगळी सालीची आणि नाव मात्र पानाचे. शरदात पाने लाल-नारिंगी होऊन गळतात. मग हिवाळ्यातले तिरपे ऊन सुटलेल्या पापुद्र्यांतून पलीकडून येते आणि खोड तांब्याच्या भांड्यासारखे चमकते. म्हणून जाणते माळी हे झाड अशा जागी लावतात, की पाहणारा आणि मावळता सूर्य यांच्या मध्ये ते यावे.

पण वाढवायला हे झाड मोठे हट्टी. याचे फळ दोन पंखांचे, वाऱ्यावर भिरभिऱ्यासारखे फिरत खाली येणारे. झाड लदलेले दिसते, फळे हाताला भरीव लागतात, पण फोडून पाहावे तर बहुतेक पोकळ. शंभरात चार-दोन भरलेली निघाली तरी पुष्कळ. त्या भरलेल्या बियांचे कवचही इतके टणक, की पेरल्यावर दोन हिवाळे, कधी तीन, वाट पाहावी लागते. कुंडी रिकामी समजून अधीर माणूस ती उपडी करतो, आणि बी आत जिवंत असते. फांदीचे तुकडे लावून रोप करावे तर त्यांना मुळे फुटणे कठीण. रोप मिळाले तरी वाढ वर्षाला वीतभर ते फूटभर. एक गोष्ट मात्र चांगली. सालीसाठी म्हातारपणाची वाट पाहावी लागत नाही. दोन-तीन वर्षांच्या फांदीचीच साल सुटू लागते.

त्याला पाणी धरून ठेवणारी पण न तुंबणारी माती लागते. मुळे वरच्या थरात असल्याने बुंध्याभोवती खणायचे नाही, पालापाचोळा पसरून माती गार ठेवायची. खोड नीट दिसावे म्हणून खालच्या बारीक फांद्या काढायच्या त्या भर हिवाळ्यात, झाड झोपलेले असताना. वसंत जवळ आला की मेपलच्या जखमेतून रस वाहत राहतो. पडवळी मेपल त्या मानाने सोपा, बियांपासून सहज उगवतो. त्याची अडचण वेगळी. एका बागेत अशा दोन-तीन जाती असल्या की त्यांचा संकर होतो आणि रोप नेमके आईसारखे निघेल याची खात्री राहत नाही. त्याची साल पातळ असते, कडक उन्हात भाजते, म्हणून त्याला अर्धी सावली हवी. आणि दोघांच्या बाबतीत एक नियम: पापुद्रे आपल्या हाताने ओढायचे नाहीत. पेरूच्या खोडावर आम्ही जे केले ते येथे चालत नाही.

१९०२ साली विल्सन तीनशेहून अधिक जातींचे बी आणि पेट्या भरभरून कंद घेऊन इंग्लंडला परतले. तेथे कळले की रुमालाच्या झाडाचे बी एका फ्रेंच पाद्रीने १८९७ सालीच पॅरिसला पाठवले होते आणि त्यातले एक उगवलेही होते. पहिलेपणाचा मान गेला. पण त्या एका रोपासमोर विल्सन यांच्या बियांतून हजारो रोपे झाली आणि ते झाड सामान्य बागांत पोहोचले. जून १९०२ मध्ये त्यांचा विवाह झाला. थोड्याच महिन्यांत पेढीने त्यांना पुन्हा चीनला रवाना केले, या वेळी तिबेटच्या सीमेवरच्या पिवळ्या खसखशीसाठी. तीही त्यांनी मिळवली.

१९०७ पासून ते अमेरिकेतील बॉस्टनच्या आर्नल्ड वृक्षोद्यानासाठी जाऊ लागले. आता नुसता विक्रीचा प्रश्न नव्हता. काचेच्या तावदानांवर चित्र घेणारा मोठा कॅमेरा बरोबर होता आणि झाडे, गावे, माणसे यांची छायाचित्रे ते घेत होते. याच खेपेत त्यांनी कागदी सालीच्या मेपलची दोन जिवंत रोपे बॉस्टनला पाठवली. बियांचा भरवसा नाही हे त्यांना आता चांगले ठाऊक झाले होते.

१९१० साली ते मिन नदीच्या खोऱ्यात पांढऱ्या लिलीच्या कंदांसाठी गेले. डोंगराच्या कडेने अरुंद वाट, आणि वरून दरड कोसळली. एका धोंड्याने त्यांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय बांधून त्यांनी फळी केली. इतक्यात समोरून खेचरांचा तांडा आला. वाट एवढी चिंचोळी, की वळायला जागा नाही, आणि दरड कोसळतच होती, त्यामुळे थांबणेही शक्य नव्हते. विल्सन वाटेत आडवे पडून राहिले आणि पन्नासेक खेचरे एकामागून एक त्यांच्यावरून पाय टाकत गेली. एकाचाही खूर त्यांना लागला नाही. तीन दिवसांनी ते दवाखान्यात पोहोचले. जखम चिघळली, पाय कापावा लागणार असे वाटत होते, पण वाचला. मात्र तो थोडा आखूड झाला आणि जन्मभर ते लंगडत चालले. त्या लिलीचे कंद ठरल्याप्रमाणे बॉस्टनला गेले.

त्यानंतर ते जपान, कोरिया, तैवान येथे गेले. १९२० ते १९२२ या काळात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आफ्रिका आणि आपला हिंदुस्थान येथील बागा त्यांनी पाहिल्या. १९२७ साली ते आर्नल्ड वृक्षोद्यानाचे प्रमुख झाले. चीनच्या नद्या, दरडी, प्लेग यांतून वाचलेला हा माणूस १५ ऑक्टोबर १९३० रोजी, मुलीला भेटून परतताना, मोटारीच्या अपघातात पत्नीसह गेला. गाडी ओल्या पानांवरून घसरून कठड्याखाली कोसळली. वय अवघे चोपन्न. त्यांचे दफन कॅनडात माँट्रियल येथे झाले. त्यांनी पश्चिमेच्या बागांत आणलेल्या वनस्पतींची संख्या दोन हजारांच्या घरात सांगतात.

बॉस्टनला पाठवलेल्या त्या रोपाने शंभरी ओलांडली. आज जगभरच्या बागांत दालचिनी रंगाचे मेपल दिसतात, पण बहुतेक सगळे विल्सन यांच्या मूठभर बियांचे आणि त्या रोपांचे वंशज, म्हणजे जवळचे नातलग. हीच त्यांच्या पोकळ बियांची एक अडचण मानतात. आणि चीनच्या डोंगरात, जेथून ते आले, तेथे ते आता थोडेच उरले आहेत. जागतिक लाल यादीत त्यांची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. म्हणून २०१५ साली अमेरिकेतील वृक्षोद्यानांचे अभ्यासक चिनी सहकाऱ्यांबरोबर पुन्हा त्या डोंगरांत गेले आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांचे नमुने घेऊन आले.

काही पालकांनी विचारले की हा मेपल आपल्या शाळेत लावता येईल का. नाही. ग्वाल्हेरचा मे महिना त्याला सोसणार नाही. मात्र सालीसाठी पाहावीत अशी झाडे आपल्याकडेही आहेत. शिवपुरीकडच्या जंगलात सालई आहे, तिचीही साल कागदासारखी सुटते. कांडोळ आहे, ज्याला इकडे कुल्लू म्हणतात. त्याचे पांढरे खोड चांदण्यात पाहून माणूस दचकतो. होळीच्या सुमारास दोघांचीही पाने झडलेली असतात. त्या वेळी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन एक दिवस तिकडे जाण्याचा विचार आहे. ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. मुलांनी वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली आणावी. चाकू आणू नये.